लाल फडकं आणि दोन फिल्टर

राजस्थानात पोस्टिंग आली तेव्हा मी नायक होतो. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. आमच्या महागाव तालुक्यात फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, आणि मेजरने निदान एक तरी रणगाडा उडवलेला असावा अशी लोकांची अपेक्षा असते. मी हवालदार म्हणून रिटायर झालो आणि नोकरीभर ट्रकचे एअर फिल्टर झटकले. सांगायचं आहे ते त्याचंच.

डिझेलचं इंजिन डिझेलपेक्षा हवा जास्त खातं. ती हवा गाळून आत सोडायची, एवढंच फिल्टरचं काम. पत्र्याच्या डब्यात घड्या घातलेल्या कागदाचा एक पोकळ गोल असतो. हवा बाहेरून आत जाते, धूळ कागदावर राहते. धूळ आत गेली तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजतात, इंजिन ऑइल पिऊ लागतं. उलट, कागद धुळीने बुजला तर इंजिनाचा श्वास कोंडतो, काळा धूर येतो आणि गाडी चढावर मान टाकते. म्हणजे दोन्हीकडून आमचंच मरण.

वाळवंटातली धूळ पिठासारखी असते. सकाळी पीटी झाली की गाड्यांच्या लाइनमध्ये फर्स्ट परेड व्हायची. ड्रायव्हर तेल-पाणी बघायचे, आम्ही फिल्टर काढायचो. एक दिवस वापरलेला फिल्टर टायरवर आपटला की समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. खरं तर तो आपटायचाच नसतो, आतून हवा मारून साफ करायचा असतो. पण ड्रायव्हरला आपटल्याशिवाय समाधान नाही.

प्रल्हादची ओळख अशाच एका सकाळी झाली. मी गाडीखाली होतो. बाजूला कोणीतरी जॅकवर चिडलं होतं. ‘‘काहून बे, चढून नाई राह्यला?’’

सगळं युनिट हिंदी बोलणारं. मी तसाच घसरत बाहेर आलो.

‘‘कोणत्या गावचा?’’

तो दचकला. ‘‘बोरी अरब. दारव्हा तालुका. तुमी?’’

‘‘महागावजवळचा तांडा. राठोड.’’

‘‘मंग तं घरचेच झाले तुमी.’’

लान्स नायक प्रल्हाद गावंडे, ड्रायव्हर. त्या दिवसापासून त्याने माझा पिच्छा सोडला नाही. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरायचे, हे त्याला माहीत होतं. ‘‘तुमच्या बैलाले कोणतं फिल्टर लागे, उस्ताद?’’ असं तो चारचौघांत विचारायचा. मी त्याला एकदा पाना फेकून मारला होता. लागला नाही. लागू नये अशा बेतानेच फेकला होता.

त्या उन्हाळ्यात कंपनीचे फिल्टर कमी पडले. लोकल परचेसमधून बाजारातले आले. दिसायला तेच माप, तोच रंग. ओसी साहेबांनी मला बोलावलं. वर्कशॉपचे मेजर, कमी बोलणारे.

‘‘राठोड, आधी गाडियों में ओरिजिनल, आधी में बाजार का. मुझे फरक बताओ.’’

‘‘जी साब.’’

सोपं काम वाटलं. दोन्ही फिल्टर उघडून ठेवले. कंपनीच्या कागदाला घड्या जास्त आणि दाट, रबराची कड मऊ. बाजारातल्याच्या घड्या विरळ, कड टणक. आत बल्ब धरला तर बाजारातला जास्त उजेड सोडत होता. मी मनात निकाल लावून टाकला. मग गाड्या धावू लागल्या आणि माझा निकाल पार गोंधळला.

बाजारातला फिल्टर असलेले ड्रायव्हर खूश. गाडी हलकी ओढते म्हणाले. ओढणारच, हवा मोकळी जात होती. कंपनीच्या फिल्टरवाले तक्रार करत, फिल्टर लवकर भरतो, गाडी दम टाकते. तोही भरणारच, धूळ धरत होता ना. म्हणजे चांगला फिल्टर वाईट वाटत होता आणि वाईट चांगला. खरी परीक्षा एकच. फिल्टरच्या पुढचा पाइप काढायचा आणि आतून बोट फिरवायचं. बोटाला धूळ लागली तर फिल्टर खोटा. कंपनीवाल्यांचे पाइप बहुतेक स्वच्छ निघाले. बाजारवाल्यांच्या पाइपात बोट पिवळं झालं. फक्त एका बाजारवाल्या गाडीचा पाइप धुतल्यासारखा निघाला. ती गाडी प्रल्हादची.

दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा तपासायला गेलो तेव्हा गाडी लाइनमध्ये उभी होती आणि हवा ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडावर, म्हणजे इनटेकवर, लाल फडकं बांधलेलं होतं. जुन्या लुगड्याचं, धुऊन मऊ झालेलं.

‘‘हे काय?’’

‘‘फडकं.’’

‘‘ते दिसते मले. इथं कायले?’’

मग त्याने सांगितलं. त्याच्या मोठ्या भावाचा, वासुदेवचा, ट्रक होता. हंगामात तो जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वाहायचा. जिनिंगच्या आवारात पाऊस पडावा तशी कापसाची बुरी, म्हणजे बारीक तंतू, उडते. गाड्या रांगेत असतात आणि गाडीगाडीने पुढे सरकायचं म्हणून इंजिन चालूच असतं. बुरी फिल्टरला चिकटली की निघत नाही. म्हणून आमच्या भागातले ट्रकवाले रांगेत असताना इनटेकवर फडकं बांधतात. अधूनमधून झटकतात, परत बांधतात. प्रल्हाद भरती झाला तेव्हा वासुदेवने आईच्या लुगड्याचा तुकडा फाडून त्याच्या ट्रंकेत टाकला होता. गाडी चालवशील तर हे लागेल म्हणून.

‘‘चालत्या गाडीत बांधतोस का?’’

‘‘येडा हाओ का मी? इथं लाइनमधी उभ्या गाडीले बांधतो. बाजूनं गाड्या जातात, धुराळा उडते.’’

मी विश्वास ठेवला आणि नाहीही ठेवला. पेशंट जसा डॉक्टरला सगळं सांगत नाही, तसा ड्रायव्हर मेकॅनिकला सांगत नाही. ओसी साहेबांना रिपोर्ट दिला तेव्हा ते हसले नाहीत. ‘‘तुम्हारे गाँव वाले ने ट्रायल का भजिया बना दिया,’’ एवढंच म्हणाले. ट्रायल पुन्हा सुरू झाली. फडकं काढायची ऑर्डर झाली. प्रल्हादने ते सीटखाली ठेवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमचा कॉन्व्हॉय एक्सरसाइजला निघाला. प्रल्हादची गाडी मधोमध, तिच्यात डिझेलची बॅरल्स. तिच्या मागच्या गाडीत जवान बसलेले. मी शेवटच्या, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत, रेडिओसमोर. रेडिओ फक्त पहिल्या आणि शेवटच्या गाडीत होते.

दुपारी आंधी आली. क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली आणि बघता बघता अंगावर आली. बॉनेटही दिसेना.

‘‘लीड टू टेल. विजिबिलिटी निल. गाडियाँ लेफ्ट में हॉल्ट. ओव्हर.’’

‘‘टेल. रॉजर. बीचवालों को कैसे बताएँ? ओव्हर.’’

पलीकडून नुसती खरखर आली. मधल्यांना सांगायला काही साधन नव्हतं. आगेमागे ज्याला जसं सुचेल तसा तो थांबणार. आम्ही थांबलो आणि हॉर्न वाजवत बसलो. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. वाळू काचेवर आपटत होती आणि कोणती गाडी कुठे आहे याचा काही पत्ता नव्हता.

आंधी ओसरल्यावर मी पायी पुढे गेलो. पुढच्या गाड्या बऱ्याच लांब जाऊन थांबल्या होत्या. प्रल्हादची गाडी मात्र त्यांच्यापासून तुटून एकटीच उभी होती. तिच्या मागे काही अंतरावर जवानांची गाडी वाकडी होऊन थांबली होती. दोन्हींच्या मध्ये प्रल्हाद पडला होता. मागच्या गाडीच्या बंपरचा मार छातीवर बसला होता. मी पोचलो तेव्हा तो गेला होता.

मागच्या गाडीचा ड्रायव्हर रस्त्यात बसून होता. ‘‘कुछ दिखा था, उस्ताद. पता नहीं क्या. पाँव अपने आप ब्रेक पे गया.’’ यापलीकडे त्याला काही आठवेना. पुढेही आठवलं नाही.

प्रल्हादच्या हाताजवळ टायर लीवर पडला होता, हातभर लांबीची लोखंडी पट्टी. तिच्या एका टोकाला ते लाल फडकं. दोन पीळ देऊन कोपरा पिळात खोचलेला. उन्हात लोखंड तापतं, नुसत्या हाताने धरवत नाही, म्हणून गुंडाळलं असेल, असं मला वाटलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी साक्षीदार होतो. गाडी एकटीच का थांबली, हा प्रश्न. गाडीत बाजारातला फिल्टर. जवळ फडकं, जे इनटेकवर बांधायची त्याची सवय सगळ्यांना माहीत. हातात लीवर, ज्याने फिल्टरच्या डब्याची अडकलेली क्लिप उचकटता येते. तो गाडीच्या मागे का गेला? तर टूल बॉक्स मागच्या अंगाला होता. सगळं फिल्टरकडेच बोट दाखवत होतं. मी फिल्टर उघडून पाहिला. धूळ होती, पण बुजलेला नव्हता. गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. फडक्यावरही धूळ होती, पण त्या दिवशी माझ्या दातांवरही धूळ होती. निष्कर्ष असा निघाला की ड्रायव्हरने मनाईचं फडकं इनटेकवर ठेवलं, गाडीचा दम गेला, आणि फिल्टर बघायला तो भर आंधीत खाली उतरला.

मला ते पटलंही आणि पटलं नाहीही. दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून गप्प राहिलो.

एकाच जिल्ह्याचा म्हणून पार्थिवासोबत मला पाठवलं. बोरी अरबला सगळं गाव रस्त्यावर होतं. सलामी झाली. त्याचं सामान मी वासुदेवभाऊंच्या हाती दिलं. त्यात लीवरवरून सोडलेलं ते फडकंही होतं. भाऊंनी ओळखलं. पार्थिवासोबत आलेल्या आमच्या तुकडीतल्या एकाने तोवर त्यांना सांगितलं होतं की फडक्यामुळे गाडी बंद पडली. फडकं हातात धरून ते घरात गेले.

मी रिटायर होऊन तांड्यावर परत आलो तो काळ कापसाचा वाईट होता. भाव पडलेले, खरेदी कधी सुरू तर कधी बंद, आणि रस्त्याच्या कडेला कापसाने भरलेल्या गाड्या दिवसेंदिवस उभ्या. तांड्यावरच्या अर्ध्या घरांत ट्रक किंवा ट्रॅक्टर होता. जो तो मला विचारायचा, ‘‘मेजर, फिल्टर कंपनीचं टाकू का बाजारचं?’’ मी सांगायचो, कंपनीचं टाका आणि आपटू नका. ते बाजारचं टाकायचे आणि आपटायचे.

एक दिवस महागावच्या बाजारात वासुदेवभाऊ भेटले. कापूस भरून पुसदला जिनिंगवर निघाले होते. केस पूर्ण पांढरे झालेले. ट्रक तोच, जुना. त्यांनी मला कॅबिनमध्ये बसवलं. ‘‘चला माह्यासंगं. एक विचारायचं हाये.’’

गाडी निघाली. सीटमागे फिल्टरची तीन-चार खोकी होती. काही कंपनीची, काही बाजारातली.

‘‘इतके कायले, भाऊ?’’

‘‘एक बसवतो, मनाले पटत नाई. मंग दुसरं बसवतो. गाडी जरा दबली की मले घाम सुटते.’’ मग रस्त्याकडे पाहतच म्हणाले, ‘‘फडकं बांधनं तवापासून सोडलं. सीटखाली पडून राह्यते. जिनिंगात बुरी खाऊ देतो गाडीले. राठोडभाऊ, तुमी तिथं होते. खरं सांगा. माह्या फडक्यानं मारलं का त्याले?’’

इतकी वर्षं हा माणूस हेच घेऊन स्टीअरिंगवर बसत होता. मी फिल्टरचे फायदेतोटे सांगायला लागलो. विरळ घड्या, दाट घड्या, रबराची कड. माझंच मला ऐकवेना. भाऊ ऐकत होते आणि मान हलवत होते. त्यांना यातलं काहीच नको होतं.

‘‘मले नाई माहीत, भाऊ,’’ मी शेवटी म्हणालो. ते खरंच होतं.

पुसदच्या अलीकडे एक वळणाचा चढ आहे. तिथे गाडीने दम टाकला. काळा धूर आला आणि इंजिन बंद. ‘‘दगड लावा,’’ भाऊ म्हणाले. हँडब्रेक ओढून ते उतरलेसुद्धा. मी चाकामागे दगड लावला आणि सवयीने फिल्टरच्या डब्याकडे गेलो. क्लिपा उघडल्या. फिल्टर बुरीने गच्च, गादी झालेला.

‘‘भाऊ, हे पाहा,’’ मी हाक मारली.

वळून पाहिलं. भाऊ गाडीजवळ नव्हते. ते चढ उतरून मागे वळणावर जाऊन उभे होते. त्यांच्या हातात टायर लीवर होता आणि लीवरच्या टोकाला लाल फडकं. खालून एक भरधाव जीप आली, फडकं पाहून हळू झाली आणि बाजूने निघून गेली. भाऊ हलले नाहीत. मागून गाड्या येणं थांबलं तेव्हा ते वर आले.

मी त्यांच्या हातातला लीवर घेतला. फडक्याला दोन पीळ आणि कोपरा पिळात खोचलेला. मी तो पीळ उलटसुलट करून नीट पाहिला.

‘‘हे असं बांधनं कोनं शिकवलं?’’

‘‘बापानं. गाडीचा आस मोडला की बाप पयले बैलं नाई सोडे. पयले फडकं घेऊन मांगं जाय. आमाले दोघाले तेच शिकवलं. गाडी थांबली की गाडीकडं पाहाचं नाई, मांगं जाचं.’’ मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘काय झालं तुमाले?’’

मी त्यांना रस्त्याच्या कडेला दगडावर बसवलं आणि सांगितलं. प्रल्हादच्या हाताजवळ लीवर होता. त्याला फडकं असंच बांधलेलं होतं. हेच दोन पीळ, हाच खोचलेला कोपरा. आम्ही सगळे मेकॅनिक. आम्हाला लीवर दिसला तर क्लिप आठवली, फडकं दिसलं तर इनटेक आठवला. पण इनटेकवरून ओढून काढलेलं फडकं कोणी लीवरला असं बांधत बसत नाही. ‘‘भाऊ, तो फिल्टर पाहाले नव्हता उतरला. मांगच्या गाडीले थांबवाले गेलता. त्याच्या गाडीत डिझेलचे बॅरल होते. मांगच्या गाडीत जवान बसले होते. ती गाडी त्याच्या बॅरलवर आदळली असती तं कोनीच राह्यलं नसतं. ड्रायव्हर म्हने, काईतरी दिसलं, पाय ब्रेकवर गेला. त्याले हे दिसलं.’’

भाऊंनी फडकं लीवरवरून सोडलं आणि मांडीवर पसरलं. बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिले.

‘‘मंग त्याची गाडी कायनं थांबली?’’

‘‘मले नाई माहीत.’’

‘‘फिल्टर तं बाजारचं होतं ना?’’

‘‘हाव. पन ते बुजलं नव्हतं. आंधीत काई दिसेना म्हनून त्यानंच थांबवली असंन. नाई तं दम गेला असंन, मंग चालू झाली असंन. मले खरंच नाई माहीत, भाऊ.’’

‘‘पन फडकं त्याच्या हातात होतं.’’

‘‘हातात होतं. लीवरले बांधून.’’

ते रडले. मीही रडलो, ते लपवण्यात अर्थ नाही. वरून कापूस टाकून परतणारी एक बैलगाडी उतरली. गाडीवानाने आम्हाला पाहून विचारलं, काही पाहिजे का. भाऊंनी हातानेच नाही म्हटलं.

मी खोक्यातला एक फिल्टर बसवला. कंपनीचा होता की बाजारातला, ते मी पाहिलं नाही आणि भाऊंनीही विचारलं नाही. पुसदला जिनिंगच्या आवारात रांग लांब होती. बुरी उडत होती. भाऊ खाली उतरले, इनटेकवर लाल फडकं बांधलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. फाटकाशी पाळी आली तेव्हा पुन्हा उतरले, सोडलं, झटकलं, घडी करून सीटखाली ठेवलं.

मी आमच्या रेजिमेंटच्या एका जुन्या साहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, इतक्या वर्षांनी इन्क्वायरीचा कागद बदलत नसतो. बदलला नाही. फिल्टरबद्दल मला अजूनही कोणी विचारलं तर मी तेच सांगतो, आणि सांगताना मला माझीच खात्री नसते. लान्स नायक प्रल्हाद गावंडे, ड्रायव्हर, बोरी अरब, याच्याबद्दल मात्र माझा काही गोंधळ नाही. गाडी कशानेही थांबली असो, तो मागे गेला होता.